जास्तीची गिरकी

“पंख इथवर येण्यापुरते. आली ना? आता काय काम त्यांचं?”

वारुळात नव्याने आलेल्या सुनेने हे दाराआडून ऐकले. तिने ऐकावे म्हणून ते बोलले गेले नव्हते. वारुळातली सगळ्यांत जुनी मुंगी, आत्याबाई, शेजारणीशी कुजबुजत होती, आणि स्वर कसा, तर एखादा दाणा ओला निघाला हे सांगावे तसा.

त्या वारुळात प्रत्येक अंगाला काम होते आणि काम नसलेल्या अंगाला जागा नव्हती. जबडा मातीसाठी. मिशा वासासाठी. पोटसुद्धा स्वतःचे नसे. त्यातले दुसऱ्याच्या तोंडात उलटून द्यायचे, आणि याचा सगळ्यांना अभिमान होता. जे अंग कशासाठी ते सांगता येत नसे, ते कुरतडून कचऱ्याच्या खड्ड्यात जाई. सुनेच्या नवऱ्याला मात्र कोणी कुरतडले नाही. लग्न झाले त्याच संध्याकाळी तो आपण होऊन मेला. त्याचे काम झाले होते, त्यामुळे फारसे कोणी रडले नाही.

सुनेच्या पोटात एक गोष्ट होती. लग्नाच्या उड्डाणात, सगळे आटोपून खाली वारूळ दिसू लागल्यावरही, ती सरळ उतरली नव्हती. उंबराच्या शेंड्याभोवती तिने एक गिरकी जास्तीची घेतली होती. तिथे नवरदेव नव्हता, अन्न नव्हते, शत्रू नव्हता. नुसता वारा होता.

“सूनबाई, पंख कशासाठी?” आत्याबाईंनी रीतीप्रमाणे विचारले.

“उडण्यासाठी.”

“आणि उडणं कशासाठी?”

गिरकी तिच्या जिभेवर आली. पण ‘गिरकी कशासाठी’ असे पुढचे विचारले असते तर? तिने ती परत गिळली.

“गरीब आहे हो पोर,” आत्याबाई समाधानाने म्हणाल्या आणि त्यांनी डाव्या पंखापासून सुरुवात केली.

पंख गेले, तरी खांद्यातले स्नायू उरले. सून जरा स्वस्थ बसली की ते आपोआप थरथरत.

“काय गं घरघरतंय?”

“काही नाही, आत्याबाई.”

“काही नाही कसं? असेल काहीतरी कामाचं.”

आणि ते कामाचे निघालेच. सुनेने अंडी घातली, पोरे बाहेर आली, तसे ते स्नायू आतल्या आत विरघळले. त्यांचा चीक झाला आणि तो पोरांना पाजला गेला. पोरे गुटगुटीत झाली.

“बघ,” आत्याबाई म्हणाल्या, “ते उडण्यासाठी नव्हतंच मुळी. दूध होतं ते. तुला कळलं नाही, एवढंच.”

सुनेने मान हलवली. मग आत काही थरथरते का, ते बघितले. काही नव्हते.

पुढे तिच्या एका लेकीला पंख फुटले. निरोपाला सगळ्या दाराशी जमल्या. लेकीने पंख झटकून पाहिले. माती उडाली, एकदोघी ठसकल्या.

“आई,” लेक हसत म्हणाली, “वर सगळं झाल्यावर मी थोडी उगीच फिरले तर?”

सगळ्यांच्या मिशा जागच्या जागी थांबल्या. आत्याबाईंनी सुनेकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. लेकीच्या मागे, दारातून, उंबराचा शेंडा हलताना दिसत होता.

सुनेच्या खांद्यांवरचे दोन खुंट किंचित उचलले गेले आणि खाली बसले. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पंख तिथवर जाण्यापुरते असतात, बाळ. सरळ उतर.”