आवडाबाईंची रिकामी खुर्ची

“आवडाबाईंची खुर्ची जाणार म्हणे. आणि पाचही शाळांना कुलपं...”

गिरजा एवढंच बोलली आणि थांबली. कारण पाणवठ्याच्या वरच्या पायरीवर कोंडाकाकू येऊन उभी राहिली होती. गिरजानं घाईघाईनं घागर उचलली, बाकीच्या बायका धुणं जरा जास्तच जोरात आपटू लागल्या.

“कुलपं काय गं?” कोंडाकाकूनं विचारलं.

“कुठं काय काकू. तुमची मांजर बरी आहे ना?” गिरजा म्हणाली, आणि कोणीतरी फिस्सकन हसलं.

मांजरीचं नाव निघालं तशी कोंडाकाकू पायरीवरूनच मागे वळली. घागर तशीच रिकामी घेऊन ती घरी परतली.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पाचमातीच्या खोऱ्यात तेव्हा ना सडक होती ना पूल. पाच गावं, आणि पाचांची माती पाच रंगांची. तांबडमाळची तांबडी, काळदऱ्याची काळी, चुनाळ्याची पांढरी, मुरमाडची पिवळी आणि नदीकाठच्या वाळकीची रेताड, चकाकणारी. माणूस कुठून आला हे तोंड उघडायच्या आधी त्याच्या पायांवरून कळायचं, असं म्हणतात.

प्रत्येक गावात बोर्डाची एक शाळा आणि शाळेत एक मास्तर. मास्तर आपापल्या जागी रुजून बसलेले. चुनाळ्याच्या मास्तरांचं गणित पक्कं, म्हणून तिथल्या पोरांना पावकी-निमकी तोंडपाठ. पण घरी पत्र आलं तर ते वाचायला माणूस शोधत फिरावं लागे. वाळकीचे हरबा मास्तर गाणं असं शिकवायचे की नावाडी वल्हं उचलून ऐकत बसे. पण दोन आणि दोन किती म्हटलं की वाळकीची पोरं नदीकडे बघायची. शेवटी बोर्डानं आवडाबाईंना पाचही शाळांची मुख्य केलं, तांबडमाळच्या शाळेत त्यांना हातांची खुर्ची दिली, आणि बजावलं, “दोन वर्षांत पोरं शहाणी झाली तर ठीक. नाहीतर शाळा बंद. मग पोरांनी डोंगर उतरून तालुक्याला जावं.” तालुका सात कोसांवर. सात कोस पोरं कुठली जाणार? गुरांमागे जाणार. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आवडाबाई काटकुळ्या, अंगानं नाजूक, आणि डावऱ्या. खडू डाव्या हातात धरायच्या. पहिला आठवडाभर त्यांनी काही म्हणजे काही केलं नाही, नुसता पोरींचा खो-खो बघितला, असं म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात त्या सकाळीच काळदऱ्याला गेल्या, फळ्यापुढच्या मास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “खो!”

मास्तर भांबावून उठले. त्यांच्या जागी बाई शिकवायला उभ्या राहिल्या. मास्तरांनी पुढच्या गावी चालत जायचं, तिथल्या मास्तरांना खो द्यायचा. त्यांनी त्याच्या पुढच्या. असं दुपारपर्यंत अख्खं खोरं फिरायचं. आज ज्या पोरांना गाणं, त्यांना उद्या गणित, परवा वाचन. गुराखी टेकडीवरून ओरडायचे, “अरे धरा, धरा! मास्तर सुटला!”

हरबा मास्तर कुरकुरले. “बाई, माझ्या पायाला भिंगरी नाही हो, गुडघा आहे.”

“गुडघा वाकतो मास्तर. चालण्यासाठीच दिलाय देवानं.”

दीड वर्ष गेलं. वाळकीची पोरं चालीवर पाढे म्हणू लागली. चुनाळ्याच्या पोरी ओट्यावर बसून आयांना पत्रं वाचून दाखवू लागल्या. पाचमातीत पत्र वाचायला आता कोणी माणूस शोधत नव्हतं. तांबडमाळची खुर्ची मात्र रिकामीच. बाई तिच्यावर कधी टेकल्याच नाहीत.

आणि हे सगळ्यांत आधी पाहिलं कोंडाकाकूनं. तिचं घर शाळेला आणि बाईंच्या खोलीला लागून, मध्ये नुसतं कुडाचं कुंपण. कुंपणावरून दिवसातून दहा वेळा डोकावल्याशिवाय काकूच्या घशाखाली घास उतरत नसे. वाईट मनाची नव्हे हो. बाई दमून आल्या की भाकरी-कालवण हीच कुंपणावरून द्यायची. पण तोंडाला झाकण म्हणून नव्हतं.

एकदा बोर्डाचा पट्टेवाला तिच्या दारी पाणी प्यायला थांबला. “बाई शाळेत असतात ना?” त्यानं सहज विचारलं.

“कुठल्या असतात! खुर्चीवर बसलेल्या मी एकदा जरी पाहिल्या असतील तर शप्पथ. त्या खुर्चीवर आमची मांजर व्यालीय!” आणि काकू स्वतःच खदखदून हसली.

पट्टेवालाही हसला, आणि तालुक्याला जाऊन त्यानं सांगितलं. तिथं कोणी हसलं नाही.

आता पाणवठ्यावरचं ते अर्धं वाक्य काकूच्या डोक्यात माशीसारखं घोंगावू लागलं. कुलपं काय? कुलपं लागणार, दुसरं काय! तिनं चुलीवर दूध ठेवलं ते उतू गेलं. कोंबड्यांना दाणे टाकले ते त्याच कोंबड्यांना तीनदा. रस्त्यानं पाटी-दप्तर घेतलेलं पोर दिसलं की तिला ते सात कोसांच्या डोंगरात एकटं चाललेलं दिसे. बाईंना सांगावं म्हणून ती रोज कुंपणाशी जायची आणि “आज काय शिजवलंत?” एवढंच विचारून परतायची.

मग निरोप आला. माघातल्या पहिल्या सोमवारी दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब, स्वतः येणार. आणि रविवारी आवडाबाईंना ताप भरला. असा भरला की अंगावर ज्वारी टाकली तर लाही फुटावी.

काकू धावत गेली. बाईंचे पाय कोमट पाण्यानं धुतले, पुसले, त्यांना गोधडीत गुंडाळलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. आणि पट्टी बदलता बदलता तिला रडू फुटलं.

“बाई, मीच बोलले त्या मेल्याला. खुर्चीचं. मांजरीचं. माझ्या जिभेला काटा टोचला असता तर बरं झालं असतं.”

बाईंनी डोळे उघडले. “खुर्ची रिकामी होती ना काकू?”

“होती.”

“मग खोटं कुठं बोललात?”

“पण उद्या तुम्ही उठणार कशा? पोरांचं काय होणार?”

“खो दिलाय काकू. आता धावायचं ज्याचं त्यानं,” बाई म्हणाल्या आणि ग्लानीत गेल्या.

सोमवारी सकाळी शाळेकडून घोड्याच्या टापा ऐकू आल्या. मागून पट्टेवाला, खांद्यावर गोणपाटाची पिशवी, आणि पिशवीत लोखंड खणखणतंय. कोंडाकाकूला मोजायची गरज नव्हती. पाच कुलपं आणि त्यांच्या किल्ल्या. उठून दाराशी जावं असं तिला शंभरदा वाटलं. पण बाईंनी तिचा पदर मुठीत धरला होता. ती हलली नाही. जन्मात पहिल्यांदा शेजारी काहीतरी घडत होतं आणि ती बघत नव्हती.

पुढचं पट्टेवाल्यानं जन्मभर सांगितलं, ते असं. साहेबांनी तांबडमाळची खुर्ची पाहिली. खुर्चीत मांजर, चार पिल्लं. साहेब म्हणाले, “काढ कुलूप.” तेवढ्यात आतून शिकवण्याचा आवाज आला. डोकावले, तर फळ्याशी पाठमोऱ्या आवडाबाई, खडू डाव्या हातात. साहेबांनी पोरांना विचारलं, पोरांनी घडाघडा सांगितलं. साहेब घोड्यावर बसून काळदऱ्याला गेले. तिथं फळ्याशी आवडाबाई! घोडा दौडवत चुनाळ्याला, तिथं आवडाबाई. मुरमाडला आवडाबाई. वाळकीला तर साहेब नावेतून उतरले तेव्हा त्या निम्मा फळा लिहून बसल्या होत्या. साहेबांना थंडीत घाम फुटला, असं म्हणतात.

उन्हं कलली तेव्हा टापा पुन्हा आल्या, आणि या वेळी बाईंच्या दारातच थांबल्या. पट्टेवाल्यानं पिशवी ओट्यावर ठेवली. साहेब आत आले, अंथरुणातल्या बाईंकडे बघत राहिले.

“या केव्हापासून निजल्यात?”

“कालपासून. मी बसलेय ना उशाशी.”

“तुमचा डोळा लागला असेल.”

“छे!” काकू म्हणाली. म्हणाली खरी, पण तेवढ्यात तिची नजर गोधडीबाहेर आलेल्या बाईंच्या पायांवर गेली. स्वतःच्या हातानं धुतलेले पाय ते. त्यांच्यावर तांबडी माती होती. तिच्यावर काळी, मग पांढरी, मग पिवळी. आणि बोटांच्या बेचक्यात वाळकीची रेती चकाकत होती.

कोंडाकाकूनं तोंड उघडलं. आणि मिटलं. गोधडी ओढून तिनं ते पाय झाकले, आणि साहेबांना पाणी आणते म्हणून ओट्यावर गेली.

पाणी यायला जरा उशीरच झाला, असं म्हणतात.

साहेब पाणी प्याले आणि म्हणाले, “बाई खुर्चीवर बसत नाहीत हे खरंच आहे. तेव्हा खुर्ची आतून बाहेर काढा. कुलपं इथंच राहू देत. पुढच्या वर्षी पुन्हा बघू.” आणि गेले.

आठ दिवसांनी आवडाबाई हिंडूफिरू लागल्या. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ती खुर्ची उचलून शाळेच्या पडवीत, कुंपणाकडे तोंड करून ठेवली.

“काकू, बघायचंच तर बसून बघा. आणि चुकलं तर सांगा. तालुक्याला नाही, आम्हाला.”

मग त्या पायांचं आपल्याला कसं कळलं म्हणाल, तर कोंडाकाकूनं ते मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. असं ती स्वतःच प्रत्येकीला सांगायची.

आवडाबाई गेल्या, त्यालाही पिढ्या लोटल्या. पण पाचमातीच्या शाळांत मुख्याची खुर्ची अजून नाही. ती असते पडवीत. माघातल्या पहिल्या सोमवारी गावातलं, शाळेची पायरी न चढलेलं कोणी म्हातारं माणूस तिच्यावर बसवतात. वर्गातलं सगळ्यांत धाकटं पोर गुरुजींच्या पाठीवर थाप मारून “खो” म्हणतं, आणि पाच गावचे मास्तर पाच वाटांनी चालू लागतात. संध्याकाळी पडवीतलं माणूस जे काय बघितलं ते सांगतं, आणि ते फळ्यावर लिहितात. टोचणारं असलं तरी पुसत नाहीत.

आणि गिरजाची बातमी? खुर्ची गेली, तेवढी खरी. कुलपंही आली. ती अजून आहेत, प्रत्येक शाळेत एक. आगगाडीच्या रुळाच्या टांगलेल्या तुकड्यावर घंटेचा टोला त्यानंच देतात. ती जुन्या घडणीची कुलपं, किल्लीशिवाय लागायची नाहीत. पुढच्या वर्षी साहेब आले तेव्हा पाचही किल्ल्या शोधून शोधून सापडल्या नाहीत. त्या कुठं गेल्या हे कोंडाकाकूला ठाऊक होतं, असं म्हणतात. पण तेवढी एक गोष्ट तिनं खरंच कोणाला सांगितली नाही.