मानाची आग

फार पूर्वी डोंगरमाथ्यावर एक नगर होतं. तिथे थंडी इतकी, की सकाळी हंड्यातलं पाणी फोडून घ्यावं लागायचं. त्या नगरात शालींचा एक सौदागर राहत होता. सगळे त्याला शेठ म्हणत.

शेठ काही जन्मतः शेठ नव्हता. तरुणपणी तो पाठीवर गाठोडं टाकून दारोदार शाली विकायचा. तेव्हा नगरात विणकरांची जुनी, नामांकित घराणी होती आणि प्रत्येकाची स्वतःची पेढी होती. एखाद्या घराण्यात भावाभावांत बिनसलं, की हा मध्यस्थ म्हणून आत शिरायचा आणि मालक होऊन बाहेर पडायचा. असं करत करत त्याने सगळ्या पेढ्या गिळल्या. दारांवरची जुनी नावं मात्र तशीच ठेवली, कारण गिऱ्हाईक नावाला भुलतं. पुढे डोंगरातली सगळी लोकरही तोच उचलू लागला. विणकर आपल्याच पेढ्यांत नोकर झाले आणि त्यांच्या घरी पांघरायला फाटक्या गोधड्या उरल्या.

इथवर तुम्ही म्हणाल, व्यापार आहे, चालायचंच. थांबा, पुढचं ऐका.

एका हंगामात थोड्या शाली विकल्या गेल्या नाहीत. शेठचे दिवाणजी म्हणाले, “अर्ध्या भावात काढून टाकू. आपल्याच गावातले लोक घेतील.”

शेठ हसला. “दिवाणजी, जी शाल पाणक्याच्या खांद्यावर दिसली, ती राणी कशाला घेईल? जाळून टाका.”

भर चौकात शालींचा ढीग रचला गेला. लोकर चटकन पेट घेत नाही, म्हणून वरून तुपाचे डबे ओतले. उरलेला माल हा सौदागर विकत नाही, जाळतो, ही बातमी दूरच्या राजवाड्यांपर्यंत पोचली, आणि पुढच्या हंगामात शालींचा भाव दुप्पट झाला! मग काय, शेठने दर हिवाळ्याला हा सोहळाच सुरू केला. त्याला नाव दिलं ‘मानाची आग’. सनई-चौघडा लावला. पेढे वाटले.

आणि गाव काय करायचं? कुडकुडणारं गाव चौकात जमायचं, त्या आगीवर हात शेकायचं आणि शेठचा जयजयकार करायचं. मला शेठचा राग येतोच, पण त्या जयजयकाराचा त्याहून जास्त येतो. आपण विणलेली ऊब आपल्या डोळ्यांदेखत जळते आहे आणि आपण पेढा चघळत उभे! कुणाला काही वाटू नये?

शेठच्या पेढीवर हौसाक्का नावाची एक विणकरीण होती. ती दुतर्फी शाल विणायची. उलट कुठली, सुलट कुठली हे ओळखू येऊ नये, अशी तिची वीण. अशी शाल नगरात दुसऱ्या कुणालाही जमत नव्हती आणि शेठचं नाव मोठं झालं ते याच शालीवर. हौसाक्का मात्र खाली मान घालून काम करायची. चौकातल्या गर्दीत तीही दरवर्षी उभी असायची.

त्या वर्षी थंडीने कहर केला. हौसाक्काची लेक वेळेआधीच बाळंत झाली. मुलगी झाली, अगदी मुठीएवढी. अंगाला हात लावला तर गारढोण. सुईण म्हणाली, “हिला आधी ऊब पाहिजे. गोधडीने भागायचं नाही. लोकर आणा कुठून तरी.”

लोकर आणायची कुठून? सगळी लोकर शेठकडे, आणि त्याच दिवशी चौकात मानाची आग पेटायची होती. हौसाक्का तशीच अनवाणी धावत चौकात गेली. आग नुकतीच पेटली होती. शेठ एकेक शाल उंच धरून लोकांना दाखवत होता आणि आत टाकत होता. शेजारी शाली घ्यायला आलेले परदेशी पाहुणे गाद्यांवर बसले होते.

“शेठ, एक शाल द्या,” हौसाक्का हात जोडून म्हणाली. “जळायचीच आहे ना ती? माझी नात गार पडायला लागलीय. किनारीवरचं तुमचं नाव कापून घ्या हवं तर. कुणाला कळायचं नाही.”

शेठच्या हातात नेमकी तिनेच विणलेली दुतर्फी शाल होती. त्याचा हात थबकला. खरंच थबकला, ते मी लपवणार नाही. मग त्याने गाद्यांकडे पाहिलं. पाहुणे त्याच्याकडेच बघत होते.

“हौसे, आज तुला दिली तर उद्या अख्खी गल्ली मागेल,” तो म्हणाला. “आणि गल्लीत गेलेली शाल राजवाड्यात कुणी घेत नाही.”

एवढं बोलून त्याने ती शाल आगीत टाकली.

हौसाक्काने पुन्हा विनवणी केली नाही. तिने सरळ दोन्ही हात जाळात घातले, शाल ओढून बाहेर काढली, पायाखाली विझवली आणि पोटाशी धरून घराकडे पळाली.

“चोर! धरा तिला!” शेठ ओरडला. पहारेकरी धावले, पण त्या दिवशी पहिल्यांदाच गावाने त्यांना वाट दिली नाही. उशिरा का होईना, गर्दीला लाज वाटली.

नात वाचली. हौसाक्काच्या हातांची बोटं मात्र एकमेकांना चिकटली, ती कायमचीच.

थोड्याच दिवसांत महाराणीचा निरोप आला. राजकन्येच्या लग्नासाठी दुतर्फी शाली हव्या होत्या. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. तो वैद्य आणि सोन्याची कंकणं घेऊन हौसाक्काच्या दारात गेला. सगळी गल्ली गोळा झाली.

“हौसाक्का, झालं गेलं विसर,” शेठ म्हणाला. त्या दिवशी त्याला ‘अक्का’ म्हणायचं सुचलं. “तू म्हणशील ते देतो. पण विण.”

हौसाक्काने हात पुढे केले. “तुमच्याच ढिगात जळाले, शेठ. आता यांचा भावही दुप्पट झाला असेल, नाही का?”

शेठने हातांकडे पाहिलं. लगेच त्याची नजर पाळण्याकडे गेली. बाळ त्याच अर्धवट जळलेल्या शालीत झोपलं होतं.

“मग ती शाल तरी दे,” तो म्हणाला. “तिची वीण उसवून बघून दुसऱ्या बायका शिकतील.”



“घ्या की,” हौसाक्का म्हणाली. “पण मी काढून देणार नाही. तुमच्या हाताने काढा, लेकराच्या अंगावरून.”

शेठने हात पुढे केला. हो, केला! मग त्याने वर पाहिलं. दारात विणकर उभे होते, अंगणात उभे होते, आणि एकाच्याही तोंडून जयजयकार निघत नव्हता. त्याने हात मागे घेतला. लाज वाटून नव्हे, भीतीने. त्याला लाज वाटली असती, तर ही गोष्ट मी आनंदाने सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी शेठच्या एकाही पेढीत माग हलला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला थंडीत कुडकुडत ठेवून जी वस्तू महाग होते, तिला मौल्यवान म्हणू नका, निर्दय म्हणा; आणि ती जळताना टाळ्या वाजवत असाल, तर आधी स्वतःचे हात आवरा.