नको म्हणणारे किती?

फार वर्षांपूर्वी, उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या एका लहानशा तळ्यावर राजहंसाचं राज्य होतं. एकदा त्याचं मंत्रिमंडळ भांडून मोडलं. बांधाचं दार उघडायचा हुकूम मंत्र्यांनीच द्यायचा असे, आणि पाणी तर टिटवीच्या अंड्यांपर्यंत चढत आलं होतं.

"महाराज, तुम्हीच कुणाला तरी नेमा ना!" टिटवी काकुळतीला आली.

"मी फक्त विचारायचं, टिटवे. ठरवायचं तळ्यानं," राजहंस म्हणाला.

त्यानं सभा भरवली. बदकांना बदकच प्रधान हवं होतं, बगळ्यांना बगळा. कुणाचीच संख्या पुरेना. तेव्हा राजहंसानं कोणत्याच गटात नसलेल्या पाणमांजराचं नाव घेऊन जुन्या रीतीप्रमाणे प्रश्न फिरवला, "पाणमांजर प्रधान झालेलं कुणाला मुळीच चालणार नाही?"

"मला ते आवडत नाही. खाताना किती मचमच करतं!" बगळा कुरकुरला. "पण चालेल."

"चालवून घेऊ," बदकं म्हणाली.

'नको' म्हणून फक्त बेडूक ओरडले, आणि ते निम्म्याहूनही कमी होते. म्हणून रीतीप्रमाणे पाणमांजर प्रधान झालं.

पाणमांजरानं लगेच बांधाचं दार उघडायला लावलं. ओल्या अंड्यांवर बसता बसता टिटवी बघतच राहिली. ज्याच्या पंखाच्या एका फटकाऱ्यानं कोल्ह्याचं हाड मोडे, तो राजहंस आपली लांब मान लववून पाणमांजराला वाट करून देत होता.