शेवरीच्या केकचा भाव

रानातले प्राणीही वाढदिवसाला केक कापायचे, त्या काळातली ही गोष्ट. शेवरी खारीने केक करून विकायला नुकतीच सुरुवात केली होती. पहिली मागणी मुंगूसबाईंची आली. त्यांच्या थोरल्या पिल्लासाठी शेवरीने दोन दिवस खपून केकवर साखरेचा जाईचा वेल चढवला. भाव सांगताना मात्र ती संकोचली. “सामानाच्या तेवढ्या वीस शेंगा द्या,” म्हणाली.

रानभर वाहवा झाली. त्याच सामानापुरत्या भावात मागण्या इतक्या आल्या, की शेवरीला पावसाळ्याची बेगमी करायलाही सवड मिळेना.

धाकट्या पिल्लाच्या वाढदिवसाला मुंगूसबाई पुन्हा आल्या, तेव्हा तिने धीर करून चाळीस शेंगा सांगितल्या.

“मागे तर वीसच घेतल्यास.”

“तेव्हा मी माझी मेहनत धरली नव्हती, बाई.”

“तूच धरली नाहीस, मग आम्ही का धरावी?” मुंगूसबाई शांतपणे म्हणाल्या. “पलीकडची घूस अठराला करते.”

शेवरीच्या ढोलीत दाणा उरला नव्हता. खाली मान घालून तिने अठराला होकार दिला.

या खेपेचा वेल आधीपेक्षाही सुबक उतरला. पाहुण्यांनी भाव विचारला आणि मुंगूसबाईंच्या व्यवहारचातुर्याचं तोंड भरून कौतुक केलं.