वैद्यांनी पाडलेली कळशी

एकदा एक वैद्य होते, आणि त्यांच्यापाशी बारा वर्षे राहून विद्या घेतलेला एक परगावचा शिष्य होता. शिष्य मोठा हुशार. नाडी धरली की ताप सांगे, जीभ पाहिली की पोट सांगे. ग्रंथ असे मुखोद्गत, की मधलाच श्लोक विचारला तर मागचा-पुढचाही म्हणून दाखवी. शेवटी एक दिवस वैद्य म्हणाले, "बाळ, आता एक रोगी तू एकट्याने सांभाळ. मी मध्ये बोलणार नाही." शिष्याची छाती वीतभर फुलली.

रोगी मिळाला तो तांबट आळीतला. दाजी तांबट त्यांचं नाव. पंचक्रोशीत ज्या घरी लग्न, त्या घरी दाजींच्या हातची घागर जायची, असा त्यांचा लौकिक. पण पंचाहत्तरी उलटली आणि दाजींची स्मृती विझत चालली. आधी नावं गेली, मग वार-तिथी गेल्या, मग घरची माणसं गेली. पन्नास वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली त्या बायकोलाच एक दिवस म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" ती बयोकाकी. आतल्या आत मोडली बिचारी, पण भाकरी वाढायची काही थांबली नाही.

मग दाजी घराबाहेर पडू लागले. कधी वेशीवर सापडत, कधी शेजारच्या गावात कुणाच्या ओट्यावर. थोरला मुलगा वाईट नव्हता हो, पण शोधून शोधून त्याचे पाय गळाले होते. एक दिवस त्याने गोठ्यातलं दावं आणून खुंटीला टांगलं.

"आई, मला काय हौस आहे का? उद्या कुठे पडले-झडले तर जन्मभर तोंड कुणाला दाखवू?"

"अरे, बैलाला बांधतात. बापाला कोण बांधतं?"

"आठ दिवस थांबतो. वैद्यांकडून गुण आला तर उत्तम. नाही आला, तर बांधणार. मग मला बोल लावायचा नाही."

असे मोजून आठ दिवस बयोकाकीच्या पदरात पडले आणि ते तिने शिष्याच्या ओंजळीत टाकले.

शिष्याने पाहिलं, तपासलं, आणि गंभीरपणे सांगितलं, "मस्तकात वायू चढला आहे. रोग्याला शांतता हवी. ठोक्यांचा आवाज कानावर पडता कामा नये."

आता तांबटाच्या आळीत ठोक्यांचा आवाज नको म्हणजे काय! पण दाजींवर सगळ्यांची माया. शेजाऱ्यांनी हातोड्या ठेवल्या. मुलाने ऐरण गाडीत घालून मळ्यात नेली. घरातली भांडी वाजतात म्हणून तांब्या-पितळेचं सगळं माळ्यावर गेलं आणि मातीची मडकी आली. दाजींना मागच्या खोलीत मऊ गादीवर निजवलं. कपाळावर तेलाची धार, पोटात ब्राह्मीचं तूप. आणि स्मृती किती परतली ते कळावं म्हणून शिष्य सकाळ-संध्याकाळ पुढ्यात बसून विचारी, "दाजी, आज वार कोणता? गावाचं नाव काय? ह्या बाई तुमच्या कोण?"

दाजी खाली मान घालत. चौथ्या दिवशी त्यांनी तेलाची वाटी भिरकावली. आणि येता-जाता एकच विचारणं, "ठोके का बंद? अहो, ठोके का बंद?"

शिष्य म्हणे, "तुमच्याच प्रकृतीसाठी बंद, दाजी. पडून राहा."

सातव्या दिवशी दाजी सापडले ते नदीच्या घाटावर, मसणवटीत. खांद्यावर ओला पंचा, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून गुराख्याला विचारत होते, "मयत अजून आलं नाही का रे?"

मुलाने त्यांना हात धरून पाण्याबाहेर काढलं. घरी आला आणि खुंटीवरचं दावं काढून बापाच्या खाटेशी ठेवलं. उद्याचा दिवस तेवढा उरला होता.

शिष्य खाली मान घालून वैद्यांकडे गेला. वैद्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "उद्या मी येतो," एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी वैद्य आले ते काखेत आपली पाण्याची तांब्याची कळशी घेऊन. ही कळशी शिष्याने बारा वर्षं चिंच लावून घासली होती. सोन्यासारखी झळाळे, आणि तिच्या अंगावर बारीक ठोक्यांची अशी नक्षी, की पाणी भरलं तरी ती भिजल्यासारखी नव्हे, नटल्यासारखी दिसे. वैद्यांनी दाजींना बाहेर ओसरीवर आणवलं. नाडी पाहिली नाही. वार विचारला नाही. समोर बसले, कळशी दोन्ही हातांनी वर उचलली, आणि सगळ्यांच्या देखत दगडी पायरीवर आपटली!

ठण्णकन आवाज झाला. कळशीला मूठभर पोचा आला. "गुरुजी!" शिष्य ओरडलाच. त्याला वाटलं, ह्यांचंही डोकं फिरलं की काय.

पण आठ दिवस जमिनीकडे पाहणाऱ्या दाजींनी मान वर केली.

"कुणी पाडली?" दाजी गरजले. "कुणी पाडली म्हणतो मी!"

"मी पाडली, दाजी," वैद्य म्हणाले.

"एवढे केस पिकले, भांडं धरता येईना? तांबं आहे ते, दगड नव्हे! आई जेवायला वाढत होती का तुला, का फेकत होती?"

"चुकलो, दाजी."

"चुकलो म्हटल्याने पोचा निघतो का? आण इकडे!"

कळशी मांडीवर घेतली मात्र, दाजींचे हात निराळेच झाले. थरथर कुठे गेली कोण जाणे. डोळे मिटले आणि बोटं तिच्या अंगावरून फिरू लागली, जशी गाय वासराला चाटते तशी. पोच्याशी येऊन थांबली. मग हात पुढे केला आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "मोगरी."

कुणाला सुचेना. बयोकाकी मात्र उठली. पोचे काढायची लाकडी मोगरी तिने कणगीत दाण्यांखाली लपवून ठेवली होती. शिकलेल्या माणसापुढे बोलायची छाती झाली नाही, पण नवऱ्याची मोगरी मळ्यात पाठवायलाही तिचं मन धजलं नव्हतं. तिने ती झटकली आणि त्या हातावर ठेवली.

ठक्. ठक्. ठकठक्.

मुलगा दावं तसंच टाकून मळ्याकडे धावला, ऐरण आणायला. आणि ओसरीवरचा आवाज ऐकून शेजारच्या घरात कुणीतरी भीत भीत एक ठोका दिला. मग पलीकडच्या घरात. मग समोर. पाहता पाहता सगळी आळी ठणाणू लागली. दाजींनी हात थांबवून कान दिला. त्यांचे खांदे सैल झाले. एक मोठा श्वास सोडून म्हणाले, "चला. आहेत सगळे."

बयोकाकीने डोळ्याला पदर लावला. शिष्याला काहीच उमजेना. तेव्हा ती त्याला म्हणाली, "वैद्यबुवा, आमच्या आळीत ठोके एकदाच थांबतात. कुणी गेलं तर. आठ दिवस ह्यांना वाटत होतं कुणीतरी गेलंय आणि आपल्याला कुणी सांगत नाहीये."

त्या दुपारी दाजी दोन भाकरी जेवले.

परतीच्या वाटेवर शिष्य म्हणाला, "गुरुजी, रोग तर तिथेच आहे. आपण निघताना दाजींनी काकींना विचारलंच, तुम्ही कुणाकडच्या."

"आहे तिथेच. आणि बहुधा जाणारही नाही. ती विद्या माझ्यापाशी नाही, तुझ्यापाशीही नाही. पण तू काय करत होतास? जे त्यांच्यापाशी उरलं नाही, तेच दिवसातून दोनदा मागत होतास. रित्या कोठारात माणसाला उभं करून विचारायचं, धान्य कुठे आहे? तो पळेल नाही तर काय करेल! कोठार रितं झालं, पण हात भरलेले होते. तिकडे तू पाहिलंच नाहीस. आणि शांतता म्हणजे आवाज नसणं, असं कोणत्या ग्रंथात आहे? कोळ्याला लाटेत झोप येते, तांबटाला ठोक्यात. ज्याचा त्याचा विसावा त्याच्या जन्माला विचारावा."

"मग एखादं फुटकं भांडं खेळायला दिलं असतं. चांगली कळशी कशाला पाडलीत?"

"खेळणं दिलं की म्हाताऱ्या हाताला अपमान कळतो. स्मृती जाते, मान जात नाही. कळशी खरी, पोचा खरा, म्हणून राग खरा आला. आणि रागावायचा अधिकार त्या घरात त्यांना कित्येक दिवसांत कुणी दिला नव्हता."

 शिष्य म्हणाला, "उद्या पुन्हा पाडायची का?"

"खुळा आहेस का? गावात पोचे आलेली भांडी काय थोडी आहेत!"

दुसऱ्या दिवसापासून भांडी येऊ लागली. दाजी ऐरणीशी बसत आणि आणणाऱ्या प्रत्येक बाईला शिव्या देत. बायका पदराआड हसत आणि आणखी भांडी आणत. कधी हात फारच कापला, तर बयोकाकी चिंच आणि राख पुढे ठेवी. दाजी तासन्‌तास एकच हंडा घाशीत. दिवेलागणीला जीव घाबरा होई, तेव्हा ती भरलेली गार घागर त्यांच्या मांडीवर देई. तिला दोन्ही हातांनी कवळून दाजी निवांत बसत. घराबाहेर जाण्याचं त्यांना कारणच उरलं नाही. दावं गोठ्यात परत गेलं.

शिष्य आता रोज येई आणि भांडं धरून बसे. दाजी रोज विचारत, "तू कुणाचा रे?" तो रोज म्हणे, "शिकायला आलोय." "मग धर नीट. ढिला धरलास तर पोटात मोगरी बसेल!" एकदा मात्र दाजींनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हात बरा आहे तुझा." बारा वर्षांच्या विद्येने फुलली नव्हती तेवढी शिष्याची छाती त्या दिवशी फुलली. पुढे असा रोगी कुठेही आला, की तो नाडी धरायच्या आधी घरच्यांना विचारी, "ह्यांच्या हातांनी जन्मभर काय केलं?"

एकदा दूरच्या गावची एक बाई चेपलेलं पातेलं घेऊन आली. दाजी आपल्या तंद्रीत ठोके घालत होते. बाईने बयोकाकीला बाजूला घेतलं आणि दबल्या आवाजात विचारलं, "ह्यांना म्हणे काही आठवत नाही?"

बयोकाकीने पदर खोचला, पाठ ताठ केली, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नसेना का आठवत! तू पोचा दाखव."