डफाचं कातडं

“सून गुणाची आहे हो, पण देवळात तिचं तोंड बंद राहिलेलंच बरं. ती गायला लागली की वाटतं, जत्राच आत शिरली!”

सासूबाई हे शेजारणीला सांगत होत्या, आणि नवी सून घागर घेऊन दाराआड उभी होती. तिने घागर जागेवर ठेवली.

ही गोष्ट फार फार जुन्या काळची. एका डोंगराच्या अंगावर एक गाव होतं आणि गावाच्या दोन वस्त्या होत्या. दोन्ही वस्त्या एकाच प्रभूला भजत. वरच्या वस्तीला दगडी देऊळ होतं, त्यावर क्रूस होता, आणि आत एक पायपेटी होती. पेटीवाले आजोबा पायांनी तिचा भाता हलवत, बोटांनी सूर धरत, आणि लोक ताठ उभे राहून संथ गीतं गात. खालच्या वस्तीचे लोक मांडी घालून बसत आणि टाळ-डफावर भजनं म्हणत. एकाने ओळ टाकायची, सगळ्यांनी उचलायची.

एका वर्षी नदीने खालच्या वस्तीचं कुडाचं देऊळ वाहून नेलं. तेव्हा वरच्या वस्तीचे कारभारी म्हणाले, “या की आमच्याकडे. देव काय आमच्या एकट्याचा आहे?”

लोकांना भरून आलं. मग कारभारी पुढे म्हणाले, “टाळ, डफ आणि भजनं तेवढी घरी ठेवा. देवाला गोंगाट खपत नाही.”

हे देवाने त्यांना कधी कळवलं, ते कोणी विचारलं नाही.

लोक आले, मागे उभे राहिले, मुके झाले. एक म्हातारा मात्र आत गेला नाही. तो कातडं कमावणारा, आणि चाळीस वर्षं डफ वाजवणारा. दर रविवारी तो डफ मांडीवर घेऊन देवळाच्या पायरीवर बसे. वाजवत नसे. “डफ घरी ठेवून मी आत गेलो, तर आत कोण गेलं?” एवढंच म्हणे.

हा म्हातारा सुनेचा बाप. कारभाऱ्यांच्या मुलाने तिला पसंत केलं आणि कारभाऱ्यांनीही नाही म्हटलं नाही. मुलगी हवी होती. तिचं गाणं तेवढं माहेरी राहायला हवं होतं.

दर रविवारी ती पायरीशी थबके.

“कशी आहेस, बाय?”

“बरी आहे, आबा.”

“गाशील का आज?”

ती पदर सारखा करी आणि आत जाई.

कापणीचा सण दोन दिवसांवर आला, आणि उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला. आजोबांनी पाय दाबला तर नुसतं फुस्स. पेटीशिवाय गाणं वरच्या वस्तीला ठाऊकच नव्हतं. मग कारभारी जन्मात पहिल्यांदा खालच्या वस्तीत उतरले. भाता अर्थातच सुनेच्या डोक्यावर होता.

“वारा न सोडणारं पातळ कातडं हवंय, परवाच्या आत,” कारभारी व्याह्यांना म्हणाले.

“कच्चं कातडं कमवायला पंधरा दिवस लागतात, कारभारी.”

“ते तुमचं तुम्ही बघा. देवाचं काम आहे.” आणि ते परत वर निघून गेले.

म्हाताऱ्याने घरातली सगळी कातडी उलटसुलट करून पाहिली. मग त्याने खुंटीवरचा डफ काढला आणि त्याचं कातडं सोडवलं.

“आबा, डफ?” लेक ओरडलीच.

“तासून पातळ केलेलं घरात एवढंच आहे, बाय. देवाचं काम आहे म्हणाले ना?”

त्याने कातडं भिजवलं, तेल चोळलं, गुडघ्यावर मळून मऊ केलं आणि भात्याला शिवलं. लेकीने भाता वर आणला. कातडं कशाचं, हे कारभाऱ्यांनी विचारलं नाही.

सणाच्या दिवशी देवळात कणसांच्या पेंढ्या लागल्या. पाळकबाबांनी स्तोत्र वाचलं. त्यात ‘डफ वाजवून देवाची स्तुती करा’ असंही आलं. कोणाचे कान हलले नाहीत. मग पेटी वाजली, आणि अशी वाजली की जुनी माणसं डोळे पुसू लागली.

गीत संपताच कारभारी म्हणाले, “ऐकलंत? याला म्हणतात उपासना! डफाचा वारासुद्धा लागलेला नाही.”

बाहेर पायरीवर म्हातारा लाकडाचं रिकामं कडं मांडीवर घेऊन बसला होता.

सून पुढे आली. तिने पेटीकडे बोट दाखवलं.

“डफाचाच वारा आहे, मामंजी. त्या पेटीचा श्वास माझ्या आबांच्या डफातून येतोय. ते कातडं पवित्र आणि ते वाजवणारा हात पायरीवर, हा कुठला न्याय?”

आजोबांनी पेटीची मागची फळी काढली. नव्या कातड्यावर एक काळपट खळगा होता. चाळीस वर्षं एकाच बोटाच्या थापेने पडलेला. त्यांनी फळी लावली, परत पेटीशी बसले आणि पाय भात्यापासून दूर ठेवले.

“कारभारी, तो माणूस बाहेर आहे तोवर मी भात्यावर पाय ठेवणार नाही.”

वरच्या लोकांना पेटीविना सूर धरता येईना, खालच्यांना गायची मनाई. सण देवाचा, आणि देवासाठी एक ओळ निघेना! शेवटी कारभारी स्वतः पायरीपर्यंत गेले आणि मान खाली घालून म्हणाले, “व्याही, आत चला. डफ घेऊन चला.”

“डफ कुठला आता? कडंच उरलंय,” म्हातारा म्हणाला, आणि आत आला.

त्याने कड्यावर बोटं वाजवली. खालची वस्ती जमिनीवर बसली आणि तिने भजन उचललं. सुनेचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. आजोबांनी चाचपडत सूर शोधला, मग भाता हलू लागला. कारभारी ताठ उभे होते. त्या दिवशी तोंड बंद राहिलं ते त्यांचं.

देवळाबाहेर सासूबाईंनी तिला गाठलं. “अगं, एवढं मनात होतं, तर घरातच बोलायचंस. चारचौघांत कशाला?”

“घरात तुम्ही बोललात ते दाराआडून ऐकलं होतं मी, सासूबाई,” सून म्हणाली. “म्हणून इथे उघड सांगते: जो दुसऱ्याच्या स्तुतीला दार लावतो, तो देवालाच पायरीवर बसवतो.”