आषाढातलं वारं चैत्रात

"आषाढातलं वारं मला चैत्रात आणून दे, नाहीतर पठार सोड!"

भिरभिरगडच्या हंबीरराजांनी हा हुकूम सोडला, तेव्हा ते शाल पांघरून शिंकत होते. आषाढ लागला होता. गडावरच्या बावीस पवनचक्क्या अशा गरगरत होत्या की वीज कुठे घालावी ते कळेना. भर दिवसा दिवे लावले, तरी वीज उरायचीच. शेवटी चक्क्यांचा राखणदार बिरू येडगे पंधरा चक्क्यांना ब्रेक लावून ठेवायचा. चैत्रात मात्र पान हलत नसे. पंखा बंद आणि राजे घामाने चिंब!

"बारा महिन्यांच्या चक्क्या आणि चार महिन्यांचं वारं! चैत्री पौर्णिमेला मी दरबारात बसेन. डोक्यावरचा पंखा याच आषाढातल्या वाऱ्यावर फिरला पाहिजे. नाही फिरला तर चक्क्या भंगारात जातील आणि तू गडाखाली!"

बिरूच्या तोंडचं पाणी पळालं. चार पिढ्या त्याचं घर त्या पठारावर होतं. पण त्याची लेक ठमा पुढे झाली.

"आणते महाराज. फक्त चक्क्यांचे ब्रेक काढू द्या, आणि तुमच्या कारखान्यातून मागेन ती यंत्रं द्या."

"आणि वारं ठेवणार कशात? पोत्यात?" कारभारी त्रिंबकपंत फिस्सकन हसले.

"पाण्यात बघते सापडतंय का," ठमा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी पंधराही चक्क्या मोकळ्या झाल्या. ठमाने उरलेली वीज पाण्यात सोडली. पाणी बुडबुडू लागलं आणि त्याचे दोन वायू झाले. एक प्राणवायू. तो तिने सोडून दिला. दुसरा हायड्रोजन. तो जाड पोलादी टाक्यांत दाबून भरला. आषाढ गेला, श्रावण गेला. टाक्या भरल्या, कुलपं लागली. बिरू रोज टाक्यांना हात लावून विचारायचा, "ठमे, आत आहे ना गं काही?"

"आहे आबा. फक्त विडी लांब ठेवा!"

चैत्री पौर्णिमा आली. पिंपळाचं पान हलेना. दरबार वाफेवर ठेवल्यासारखा उकडत होता. ठमाने टाकीची तोटी फिरवली. वायू यंत्रात गेला, हवेतल्या प्राणवायूला भेटला, त्यातून वीज निघाली, यंत्राच्या तळाशी पाण्याचे थेंब टपटपले आणि वर राजांचा पंखा गरकन फिरला!

"आहाहा!" राजांनी डोळे मिटले.

"थांबा महाराज!" पंत कागद नाचवत उठले. "मी मोजलंय! आषाढात हिने शंभर भाग वीज ओतली, आज तीसच भाग परत येतेय. सत्तर भाग गेली कुठे? हुकूम वारं आणायचा होता, वाऱ्याचा चोथा नव्हे! बिरूला गडाखाली घाला!"

बिरूने कपाळाला हात लावला. ठमाने मात्र विचारलं, "पंत, तुमच्याकडे तूप कोण कढवतं?"

"आमची मंडळी."

"शेरभर तुपाला दूध किती?"

"पंधरा शेर."

"मग चौदा शेरांची चोरी झाली की! काकूंना कधी घालवताय गडाखाली?"

दरबारात खसखस पिकली. ठमा पुढे म्हणाली, "आम्ही गवळी लोक. पावसात म्हशी भरभरून दूध देतात, पण घाट बंद. दूध बाजाराला जात नाही. मग गिऱ्हाइकाचा रतीब घालून जे उरेल त्याचं तूप करतो. नाहीतर ते नासणारच असतं. मी तरी कुणाची वीज तोडली? ब्रेक लावून वाया जाणारी तेवढी घेतली."

पंत हटेनात. "आणि ही महागडी यंत्रं आठ महिने नुसती उभी राहणार, त्याचं काय?"

"गडावरचा हत्ती दसऱ्याला एक दिवस निघतो, पंत. खातो मात्र बारा महिने. माझी यंत्रं उभी असताना वैरण तरी मागत नाहीत!"

"काहीही म्हण!" पंत लाल झाले. "तीन भाग देऊन एक भाग घ्यायचा हा आतबट्ट्याचा धंदा आहे. असली वीज आम्हाला नको!"

"नको? बरं," असं म्हणून ठमाने तोटी बंद केली.

पंखा थांबला. राजांच्या नाकावर घामाचा एक थेंब आला. मग दुसरा. पंतांची पगडी भिजून भुवयांवर उतरली.

"अगं, सुरू कर!" राजे कळवळले.

"करते. आधी सांगा महाराज, आषाढात या पंख्याला काय भाव दिला असता?"

"आषाढात? फुकट दिला असतास तरी फेकून मारला असता!"

"आणि आत्ता?"

"आत्ता मुकुट माग, पण तोटी सोड!"

"ऐकलंत पंत?" ठमा म्हणाली. "जे फेकून मारायचं होतं त्याचे तीन भाग मी दिले, आणि ज्यासाठी राजे मुकुट देतात त्याचा एक भाग आणला. आता सांगा, आतबट्टा कुणाचा?"

तिने तोटी फिरवली. गार झुळूक आली आणि राजे असे गडगडून हसले की मुकुट खरोखरच मांडीवर पडला. तो त्यांनी झटकन उचलला!

"हा सोडून काहीही माग, पोरी! तुझे आबा पठारावरच राहतील, चक्क्याही राहतील. आणखी?"

"पठाराखालच्या सात वाड्यांच्या विहिरींवरचे पंप चैत्रात बंद असतात. बाया दोन कोस पाणी वाहतात. टाक्यांतली वीज आधी त्या पंपांना, मग तुमच्या पंख्याला."

"दिली! पण मधेच टाकी संपली तर माझं काय?"

ठमाने पंतांकडे पाहिलं. "महाराज, पंतांना एक ताडाचा पंखा द्या. ते उभे राहून वारा घालतील, आणि त्यात एक भागही वाया जात नाही ना, ते स्वतःच मोजत राहतील!"

राजे पुन्हा हसत सुटले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठमाच्या हातात घातलं, आणि ताडाचा पंखा पंतांच्या!